खरखरीचा माग

यंत्रांतील बिघाडांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतात: एक सततचा, आणि दुसरा अधूनमधून उद्भवणारा. जो बिघाड सदैव हजर असतो त्याचें भय कारागिराला नसतें. यंत्र उघडावें, एकेक भाग तपासावा, दोष सांपडेल तेथें तो दूर करावा, इतकें तें काम सरळ आहे. परंतु जो बिघाड घटकाभर प्रकट होतो आणि कारागीर दारांत येतांच अंतर्धान पावतो, तो भल्या भल्यांना हात टेकावयास लावतो. ध्वनियंत्रांत तर या दुसऱ्या वर्गाचा जाच फारच. गाणें रंगांत आलेलें असावें, गायक समेवर यावयाचा असावा, आणि नेमक्या त्या क्षणीं कर्ण्यांतून कडकड, खरखर किंवा सूं सूं असा आवाज सुरू व्हावा. यंत्राला हात लावावा तों सर्व शांत! घरोघरीं रेडिओ आला तेव्हांपासून शहरांतील कुटुंबांना हा अनुभव अपरिचित राहिला नाहीं.

अशा वेळीं जाणता कारागीर प्रथम यंत्र उघडीत नसे. तो एरियलची तार काढून ठेवी. तार काढतांच आवाज थांबला, तर उपद्रव बाहेरून येत आहे हें उघड झालें. मग तो शेजारच्या विजेच्या मोटारीचा असो, ट्रामच्या तारेवरील ठिणगीचा असो, किंवा दूरच्या वादळांतील विजेचा असो. तार काढूनहि आवाज चालूच राहिला, तर दोष बहुधा यंत्राच्या पोटांत. मग सांध्यांवर हळूच टिचकी मारून पाहावयाची, एकेक व्हॉल्व बदलून पाहावयाचा. आणि एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर वही घेऊन बसावयाचें, आणि आवाज किती वाजतां आला, किती वेळ टिकला, याची रोज नोंद ठेवावयाची. कारण वरवर लहरी दिसणारा आवाज पुष्कळदां कोणत्या तरी घड्याळाच्या तालावर चालत असतो. गिरणीचा भोंगा, रस्त्यावरील दिव्यांची वेळ, शेजाऱ्याच्या पंपाची वेळ, यांपैकीं तें घड्याळ कोणतें हें ओळखलें कीं निम्मा शोध लागला.

बाहेरचें आणि आंतलें यांची निवड करावयाची, आणि मग आवाजाचें घड्याळ शोधावयाचें, या दोन साध्या रीतींनीं विसाव्या शतकांत खरखरीचा जो एक माग काढला गेला, त्याच्या शेवटीं आकाशगंगेचें हृदय सांपडलें. त्या शोधाची आणि तो लावणाऱ्या तरुणाची हकीगत कोणत्याहि यंत्रप्रेमी घरांत माहीत असावी अशी आहे.

१९२७ सालच्या ७ जानेवारीस न्यूयॉर्क व लंडन या शहरांमध्यें बिनतारी टेलिफोन सुरू झाला. त्याच सालच्या २३ जुलैस मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन झालें. म्हणजे मुंबईकर रेडिओला कान लावूं लागले त्याच वर्षीं अटलांटिक महासागराच्या दोन्ही कांठांवरील माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं. हें बोलणें स्वस्त नव्हतें. पहिल्या तीन मिनिटांस ७५ डॉलर पडत. एवढी रक्कम मोजणाऱ्या ग्राहकाच्या कानीं शब्दांऐवजीं कडकडाट पडावा हें कंपनीला परवडणारें नव्हतें. आरंभीं हा टेलिफोन दीर्घलहरींवर चाले; पुढें लवकरच लघुलहरींचा उपयोग होऊं लागला. परंतु या लघुलहरींवर कोणत्या दिशेनें, कोणत्या वेळीं, किती खरखर येते, याचें पद्धतशीर ज्ञान कोणापाशींहि नव्हतें. तें मिळवावें, म्हणजे उपद्रवाच्या दिशेकडे पाठ करून अँटेना उभारतां येतील, असा कंपनीचा रोकडा हेतु होता.

हें काम बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील कार्ल गुथे जान्स्की या तरुणाकडे आलें. १९०५ सालीं ओक्लाहोमामधील नॉर्मन या गांवीं त्याचा जन्म झाला. वडील विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विस्कॉन्सिन विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें शिक्षण घेऊन तो १९२८ सालीं प्रयोगशाळेंत आला. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारामुळें त्याची प्रकृति तोळामासा असे; म्हणून न्यूयॉर्कच्या गजबजाटाऐवजीं न्यू जर्सी संस्थानांतील मोकळ्या हवेच्या ठाण्यावर त्याची नेमणूक झाली. होल्मडेल येथील शेतांनीं वेढलेल्या पठारावर त्याची खरी कर्मभूमि ठरली.

तेथें त्यानें जी अँटेना उभारली ती पाहून प्रथमदर्शनीं हंसूं यावें. सुमारें ३० मीटर लांबीचा लांकडी सांगाडा, त्यावर पितळी नळ्यांची चौकट, आणि खालीं फोर्ड कंपनीच्या जुन्या मोटारींचीं चार चाकें. एक लहान मोटर हा सारा डोलारा वर्तुळाकार रुळावरून फिरवी, आणि वीस मिनिटांत त्याचा एक फेरा पुरा होई. सहकारी त्याला थट्टेनें जत्रेंतला फिरता पाळणा म्हणत. ही अँटेना १४.६ मीटर लांबीच्या लहरी पकडीत असे. जवळच्या खोपटांत ग्रहणयंत्र होतें, आणि आवाज वाढला वा घटला कीं एक लेखणी सरकत्या कागदावर त्याची रेषा उमटवीत राही. कारागिराच्या वहीचीच ही स्वयंचलित आवृत्ति होती. ती झोंपत नसे, विसरत नसे, आणि तिला कोणताहि आवाज आवडता किंवा नावडता नसे.

कागदाच्या गुंडाळ्यांमागून गुंडाळ्या भरूं लागल्या. त्यांचें वाचन करतां जान्स्कीला तीन प्रकारचे आवाज वेगळे करतां आले. पहिला, जवळच्या गडगडाटी वादळांचा. तुटक आणि जोरकस. दुसरा, दूरच्या वादळांचा. मंद, परंतु मुळांत त्याच जातीचा. हे दोन्ही अपेक्षितच होते, आणि त्यांची दिशा निश्चित करणें हेंच काम त्याच्यावर सोंपविलेलें होतें. तिसरा मात्र चमत्कारिक होता. त्यांत कडकड नव्हती, फटका नव्हता. कानाला टेलिफोन लावला तर एक संथ, अखंड सूं सूं ऐकूं येई, आणि तीहि इतकी क्षीण कीं दुसऱ्या एकाद्यानें ती यंत्राच्या माथीं मारून सोडून दिली असती.

यंत्राच्या माथीं मारण्यास शास्त्राधारहि होता. त्याच प्रयोगशाळेंतील जे. बी. जॉन्सन यानें प्रयोगानें आणि हॅरी नायक्विस्ट यानें गणितानें १९२८ सालीं दाखवून दिलें होतें कीं प्रत्येक विद्युद्वाहकांत उष्णतेमुळें विद्युत्कणांची सदोदित धडपड चालू असते, आणि तिच्यामुळें कितीहि निर्दोष ग्रहणयंत्र घेतलें तरी त्यांत थोडा फुसफुसाट राहतोच. त्यापूर्वी १९१८ सालीं जर्मनींतील वॉल्टर शॉट्की यानें व्हॉल्वमधील प्रवाह एकेका विद्युत्कणानें वाहत असल्यामुळें त्यापासूनहि असाच आवाज निघतो हें सिद्ध केलें होतें. तेव्हां ही सूं सूं ग्रहणयंत्राचीच, असें म्हणून वही मिटणें अगदीं सोपें होतें.

परंतु येथें फिरत्या पाळण्यानें साक्ष दिली. यंत्राच्या पोटांतला आवाज असेल तर अँटेनाचें तोंड कोणीकडेहि असो, तो सारखाच राहिला पाहिजे. ही सूं सूं मात्र अँटेना विशिष्ट दिशेला वळली कीं चढे, आणि पुढें गेली कीं उतरे. तासांत तीन फेरे, आणि कागदावर तीन उंचवटे. एरियलची तार काढून घरगुती कारागीर जो निवाडा करतो, तोच निवाडा येथें झाला. आवाज बाहेरचा होता.

बाहेरचा, पण कोठचा? आतां घड्याळ शोधावयाचें होतें. उंचवट्याची दिशा दिवसभर स्थिर राहत नसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेकडे सरके, आणि सुमारें चोवीस तासांनीं पुन्हां मूळपदीं येई. असा मार्ग आक्रमणारी एक वस्तु सर्वांच्या परिचयाची आहे. १९३१ सालच्या डिसेंबरांतील नोंदी पाहतां आवाजाची दिशा आणि सूर्याची दिशा जवळजवळ एकच दिसली. सूर्याची किरणें लहरींच्या रूपानें येतातच. तेव्हां सूर्यापासून रेडिओच्या लहरीहि येत असतील, हा तर्क कोणालाहि पटण्यासारखा होता. याच टप्प्यावर शोध थांबला असता तर एक सुबक, सुलभ आणि चुकीचा निष्कर्ष ग्रंथांत जाऊन बसला असता.

जान्स्की थांबला नाहीं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आणि आवाज सूर्याला सोडून पुढें पुढें जाऊं लागला. रोजचा फरक क्षुल्लक, सुमारें चार मिनिटांचा. एक दिवसाच्या नोंदींत तो दिसूंहि नये. परंतु चार मिनिटें रोज याप्रमाणें महिन्यांत दोन तास होतात, आणि वर्षांत पुरे चोवीस. १९३२ सालच्या ३१ ऑगस्टला तेथें सूर्यग्रहण दिसलें, पण त्या वेळींहि आवाजांत कांहीं उणें पडलें नाहीं. वर्षभराच्या गुंडाळ्या एकत्र मांडल्यावर हिशेब स्पष्ट झाला: आवाजाचा दिवस २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटांचा होता.

हें घड्याळ कोणाचें, हें एकाद्या पंचांग पाहणाऱ्या आजोबांनीं लागलीच सांगितलें असतें. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां सूर्याभोंवतींहि फिरत असल्यामुळें प्रत्येक नक्षत्र रोज सुमारें चार मिनिटें अगोदर उगवतें. म्हणूनच ऋतूंबरोबर रात्रीचें आकाश पालटतें. जो आवाज रोज चार मिनिटें लवकर येतो तो सूर्याचा नव्हे, पृथ्वीचा नव्हे, ताऱ्यांचा आहे. जान्स्की हा अभियंता होता, ज्योतिषी नव्हता. परंतु ज्योतिषाचा अभ्यास असलेल्या स्केलेट नांवाच्या सहकाऱ्याच्या मदतीनें त्यानें हा धागा पकडला. आवाजाचें उगमस्थान धनु राशीच्या दिशेला ठरलें. तेथेंच आकाशगंगेचा मध्य असावा असें हार्लो शॅप्ली या ज्योतिषशास्त्रज्ञानें १९१८च्या सुमारास दाखविलें होतें. आपल्याकडील मूळ नक्षत्र त्याच भागांत येतें.

डिसेंबरांत सूर्यावर संशय कां गेला याचाहि उलगडा यांतच होतो. त्या दिवसांत सूर्य धनु राशीच्या भागांतून जात असतो. धनुर्मास म्हणतात तो हाच. चोर आणि साव एकाच वाटेवरून चालत होते, एवढाच तो योगायोग. वाटा फुटेपर्यंत धीर धरला म्हणून साव सुटला.

जान्स्कीनें १९३३ सालच्या एप्रिलमध्यें वॉशिंग्टन येथील सभेंत हें निष्कर्ष मांडले. ५ मे रोजीं न्यूयॉर्क टाइम्स पत्राच्या पहिल्या पानावर ती बातमी आली, आणि १५ मे रोजीं एका अमेरिकन रेडिओ-जाळ्यावरून ती सूं सूं श्रोत्यांना प्रत्यक्ष ऐकविण्यांत आली. नळींतून वाफ निसटावी तसा तो आवाज वाटला, असें वर्णन त्या वेळीं झालें. एरवीं ज्या खरखरीमुळें लोक रेडिओ बंद करतात, तीच ऐकण्यासाठीं त्या दिवशीं लोकांनीं रेडिओ लावला.

यापुढील भाग मात्र सुखाचा नाहीं. टेलिफोन कंपनीच्या दृष्टीनें प्रश्न सुटलेला होता. आवाज आकाशगंगेंतून येतो, तो बंद करतां येणार नाहीं, आणि तो इतका क्षीण आहे कीं व्यवहारांत त्यापासून फारसा अडथळा नाहीं. तेव्हां त्यावर आणखी खर्च कशाला? काळ मंदीचा होता. १९३४च्या आरंभीं जान्स्कीनें घरच्यांस लिहिलेल्या पत्रांत, आपण आतां ताऱ्यांच्या लहरींचें काम करीत नसून सामान्य खरखर मोजण्याच्या कामावर नेमले गेलों आहों, असें कळविलें. १९३५ सालीं त्यानें आणखी एक निबंध प्रसिद्ध करून आवाज केवळ एका बिंदूपासून नव्हे तर आकाशगंगेच्या साऱ्या पट्ट्यांतून येतो हें दाखविलें; आणि त्या विषयावरील त्याचें कार्य जवळजवळ संपलें. त्याचा वरिष्ठ हॅराल्ड फ्रीस यानें पुढें १९६५ सालीं लिहिलें कीं हें काम चालू ठेवण्याची इच्छा जान्स्कीनें आपणापाशीं कधीं व्यक्त केली नव्हती. जान्स्कीच्या आप्तांचें मत निराळें होतें. वाद कांहींहि असो, परिणाम एकच झाला: दार ज्यानें उघडलें त्याला आंत पाऊल टाकतां आलें नाहीं.

ज्योतिषीहि धांवून आले नाहींत. त्यांना दुर्बिणी व कांचा ठाऊक होत्या, व्हॉल्व व तारा ठाऊक नव्हत्या. आणि अभियंत्यांना तारे ठाऊक नव्हते. दोन विद्यांच्या बांधावर उगवलेल्या या झाडाला पाणी घालणारा एक हौशी माणूस निघाला. इलिनॉय संस्थानांतील व्हीटन गांवच्या ग्रोट रेबर यानें १९३७ सालीं घराशेजारच्या मोकळ्या जागेंत स्वखर्चानें सुमारें साडेनऊ मीटर व्यासाची वाटी उभारली. दोन लहरलांब्यांवर त्याला कांहींच ऐकूं आलें नाहीं. तिसऱ्या वेळीं, १.८७ मीटरवर, आकाशगंगा बोलली. त्यालाहि अधूनमधूनच्या खरखरीनें छळलेंच. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या ठिणगीची टोचणी त्याच्या कागदावर उमटे. म्हणून तो मध्यरात्रीनंतर, रहदारी निजली कीं निरीक्षणें करी. १९४४ सालीं त्यानें रेडिओ-आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला.

सूर्यावरील जुना संशयहि अगदींच निराधार नव्हता. १९४२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधील सैन्याचीं रडारयंत्रें एकाएकीं खरखरीनें भरून गेलीं. शत्रूनें मुद्दाम अडथळा आणला असें प्रथम वाटलें. जे. एस. हे या शास्त्रज्ञानें ठिकठिकाणच्या नोंदी जमवून पाहिलें, तों दिवसभर उपद्रवाची दिशा सूर्याबरोबर सरकत होती, आणि त्या वेळीं सूर्यावर एक मोठा डाग आला होता. येथें मात्र साव समजला गेलेला सूर्यच चोर निघाला! जान्स्कीच्या निरीक्षणाच्या वर्षांत सूर्य आपल्या शांत काळांत होता. म्हणून त्याचा आवाज त्याच्या यंत्राला ऐकूं आला नव्हता.

महायुद्धानंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, हॉलंड या देशांत या नव्या विद्येचा झपाट्यानें विस्तार झाला. परंतु त्याचें वैभव पाहावयास जान्स्की उरला नाहीं. १९५० सालच्या १४ फेब्रुवारीस, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षीं, त्याच जुन्या विकारानें खंगून त्याचा अंत झाला. प्रचंड वेगानें जाणारे विद्युत्कण आकाशगंगेंतील चुंबकीय क्षेत्रांत गरगर फिरतात आणि त्यांतून त्या लहरी निघतात, हा उलगडाहि त्याच सुमारास होऊं लागला होता.

या कथेला एक विलक्षण पुरवणी आहे. जान्स्कीच्या पाळण्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, होल्मडेलच्याच टेकडीवर, १९६४ सालीं आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन हे दोघे एका प्रचंड शिंगाच्या आकाराच्या अँटेनानें आकाशाचें मापन करीत होते. ही अँटेना मुळांत कृत्रिम उपग्रहांशीं संदेशवहन करण्यासाठीं बांधलेली होती. हिशेबाहून जास्त असा एक आवाज त्यांना आढळला. आणि त्याची तऱ्हा जान्स्कीच्या आवाजाच्या नेमकी उलट होती. त्याला ना दिशा, ना घड्याळ. दिवसा, रात्रीं, उन्हाळ्यांत, हिवाळ्यांत, जिकडे पाहावें तिकडे तो सारखाच. मग दोष घरांतलाच असला पाहिजे! त्यांनीं अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवून पाहिली. सांध्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटविल्या. शिंगांत घरटें करून राहिलेल्या कबुतरांच्या जोडीला हुसकून त्यांनीं केलेली घाण साफ केली. आवाज तसाच. द्रवरूप हेलियमच्या योगानें थंड केलेल्या प्रमाणाशीं ताडून पाहतां यंत्राचा हिशेब बरोबर ठरला, आणि सुमारें साडेतीन अंश केल्व्हिनचा शिल्लक आवाज कायम राहिला. शेवटीं प्रिन्स्टन येथील रॉबर्ट डिकी व त्याचे सहकारी यांच्याशीं विचारविनिमय झाल्यावर कळलें कीं विश्वाच्या आरंभींच्या प्रखर उष्णतेचा तो विझत आलेला शेष आहे. १९६५ सालीं हें प्रसिद्ध झालें, आणि १९७८ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

पेंझियास व विल्सन यांना जें भाग्य लाभलें तें जान्स्कीला लाभलें नाहीं. परंतु त्याच्या नांवाचें विस्मरण झालें नाहीं. आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरींची तीव्रता मोजण्याच्या एककाला १९७३ सालीं ‘जान्स्की’ हें नांव देण्यांत आलें. महाराष्ट्रांतहि तें नांव नित्य उच्चारलें जातें. १९६५ सालीं प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईजवळ कल्याण येथें ३२ लहान वाट्यांची रेडिओ-दुर्बीण चालूं झाली. आणि १९९०च्या दशकांत पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळच्या खोडद येथें, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० वाट्यांची विशाल दुर्बीण उभी राहिली. ही जागा निवडण्याचें एक मुख्य कारण म्हणजे तेथें माणसानें केलेली रेडिओची खरखर कमी होती. तरीहि मोबाइल टेलिफोन, विजेच्या तारांवरील ठिणग्या आणि नाना प्रकारचीं यंत्रें यांचा उपद्रव तेथील अभियंत्यांना चुकलेला नाहीं. त्या अधूनमधूनच्या आवाजाचा माग काढणें हें त्यांच्या नित्यकर्मांपैकीं एक आहे.

आकाशांतले तारे ऐकावयाचे तर आधीं शेजारची ठिणगी ओळखतां आली पाहिजे, आणि ती ओळखण्याची रीति घरांतल्या रेडिओच्या कारागिरापाशीं होती तीच आहे: आवाज आंतला कीं बाहेरचा हें आधीं ठरवावें, त्याची वेळ टिपून ठेवावी, आणि पहिलें सोयीचें उत्तर मिळतांच वही मिटूं नये. जान्स्कीला नेमून दिलेलें काम एवढेंच होतें कीं उपद्रव कोणत्या दिशेनें येतो तें सांगावें. त्यानें तें पुरें केलें, तें इतक्या सचोटीनें कीं ज्या चार मिनिटांच्या फरकाला व्यवहारांत कांहींच किंमत नव्हती, त्या चार मिनिटांचाहि त्यानें हिशेब लावला.